डी नदीच्या आडबाजूच्या पट्ट्यावर पहिल्यांदा सॅमन आणि सी-ट्राउटसाठी जाताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. नोकरीनिमित्त ॲबर्डीनला आलात, ओळखीतून स्कॉटलंडमधल्या डी नदीवर, ॲबॉइन गावाच्या वरच्या अंगाला, मासेमारीसाठी नदीचा एक एकांतातला पट्टा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गुरुवार ते शनिवार असा मिळाला आहे. सोबत मेहुणे आहेत. गिली, म्हणजे नदी दाखवणारा तिथला माणूस, नाही. लहानपणी गुहागरला खडकावरून गरी टाकलेली, इथे आल्यावर तळ्यातल्या रेनबो ट्राउटसाठी फ्लाय, म्हणजे गळावर पिसं बांधून केलेला नकली किडा, टाकायला शिकलात. आता विचारताय की काठी कोणती, फ्लाय कोणती, दिवसा जायचं की रात्री, आणि एखादा मासा घरी आणून कालवण करता येईल का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मासा घरी आणायचा नाही. पकडलेला सॅमन परत सोडण्याचं धोरण स्कॉटलंडमध्ये सगळ्यात आधी डी नदीने स्वीकारलं, १९९५ साली. आज इथे सॅमन असो की सी-ट्राउट (समुद्रात जाऊन येणारा ट्राउट), गळाला लागलेला मासा पाण्यात परत जातो. यामागे फार खरं कारण आहे. बॅलेटरजवळ गिर्नॉक नावाचा एक ओढा डीला मिळतो. त्यात चढणाऱ्या सॅमनची मोजदाद शास्त्रज्ञ १९६६ पासून करत आले आहेत, आणि तिथे अंडी घालायला येणाऱ्या माद्या आता अगदी थोड्या उरल्या आहेत. २०२३ मध्ये स्कॉटलंडभर काठी-दोरीने पकडलेल्या सॅमनची संख्या १९५२ पासूनच्या नोंदींत सर्वांत कमी होती, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आययूसीएनने, म्हणजे निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेने, ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन ‘धोक्यात आलेला’ या वर्गात टाकला. कालवणासाठी मत्स्यशेतीतला सॅमन कोणत्याही दुकानात मिळेल. नदीतला मात्र विकतही मिळणार नाही, कारण काठी-दोरीने पकडलेला सॅमन विकायला स्कॉटलंडमध्ये कायद्याने बंदी आहे.

कायद्याचं अजून थोडं. इंग्लंड-वेल्समध्ये लागतं तसं काठीचं सरकारी लायसन्स इथे नाही. पण त्या पाण्याच्या हक्कदाराची परवानगी नसताना सॅमनवर गळ टाकणं हा गुन्हा आहे, म्हणून परवानगीचं पत्र खिशात असू द्या. कायद्याच्या भाषेत ‘सॅमन’मध्ये सी-ट्राउटही येतो. आणि रविवारी या दोन्ही माशांना बंदी आहे. तुमचा तिसरा दिवस शनिवार, त्यामुळे त्या रात्री बाराच्या ठोक्याला दोरी गुंडाळायची. हे लक्षात ठेवा, कारण सी-ट्राउटची रात्र नेमकी तेव्हाच रंगात आलेली असते.

आता मुख्य गोष्ट. अशा आडबाजूच्या पट्ट्यावर तुमच्याकडे एक भांडवल असतं जे गावालगतच्या पाण्यावर नसतं: न बिचकलेला मासा. तिथे सकाळपासून कोणी पाण्यात उभं राहिलेलं नसतं, कुत्रं पोहलेलं नसतं. मासा आपल्या जागी स्वस्थ असतो. आणि पहिल्यांदा आलेला माणूस हे भांडवल पहिल्या तासाभरात उधळून टाकतो. गाडीतून उतरतो, वेडर्स (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची विजार) चढवतो, सरळ डोहात कमरेपर्यंत जातो आणि पलीकडच्या काठापर्यंत फेक मारायला लागतो. ज्या पाण्यात तो उभा असतो, तिथेच मासा होता. काठी, फ्लाय, दोरी यांबद्दल मी पुढे सांगेन, पण माझ्या लेखी त्या दुय्यम आहेत. कुठे उभं राहायचं, पाण्यात कधी उतरायचं नाही आणि कधी थांबायचं, हे जमलं तर साधी काठीही पुरते.

म्हणून गुरुवारी पोचल्यावर पहिले दोन तास काठी गाडीतच राहू द्या. पट्टा वरून खाली पायी फिरा, काठापासून चार पावलं आत, झाडांच्या आडोशाने. पोलरॉइड चष्मा लावा. डी हे स्वच्छ पाणी आहे; केर्नगॉर्म डोंगरात ब्रेरियाखच्या पठारावर साधारण १,२२० मीटर उंचीवर उगम पावून ग्रॅनाइटवरून वाहत येतं, त्यामुळे तळाचे धोंडे नीट दिसतात. कुठे झाड पाण्यावर झुकलंय, कुठे डोह संपून पाणी उथळ आणि सपाट होतं, कुठे उतरता येईल, कुठे अजिबात नाही, हे डोळ्यांत साठवा. मेहुण्यांना बरोबर घ्या, कारण रात्री दोघांनाही हीच वाट अंधारात चालायची आहे.

मासा असा का वागतो हे कळलं की बाकीचं सोपं होतं. आपल्याकडे कोकणात पहिल्या पावसाला वलगणीचे मासे ओढ्यांतून वर चढतात, तशीच ही चढण, फक्त महिनोन्‌महिने चालणारी. सॅमन डी नदीत जन्मतो, दोन-तीन वर्षं इथे वाढतो, मग एप्रिल-मे महिन्यांत बोटभर-वीतभर लांबीचा चंदेरी स्मोल्ट होऊन समुद्रात जातो. ग्रीनलंड-फेरो बेटांकडे खाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परततो. समुद्रात एकच हिवाळा काढून परतणाऱ्याला ग्रिल्स म्हणतात. तुम्हाला जुलैत भेटला तर बहुधा हाच भेटेल. महत्त्वाचं म्हणजे गोड्या पाण्यात शिरल्यावर सॅमन खाणं सोडतो. नोव्हेंबर-डिसेंबरात अंडी घालेपर्यंत तो साठवलेल्या चरबीवर जगतो. म्हणजे तुम्ही उपाशी माशाला आमिष दाखवत नाही आहात. खडकावरची गरी आणि हे काम यांतला मुख्य फरक हाच. तो फ्लाय का पकडतो यावर शंभर मतं आहेत. मला इतकंच माहीत आहे की नवीन जागी नुकताच येऊन थांबलेला मासा पकडतो, आणि आठवडाभर एकाच जागी पडून राहिलेला, वरून शंभर वेळा फ्लाय गेलेला मासा ढुंकून बघत नाही.

सी-ट्राउट हा जातीने साधा ब्राउन ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन खाऊन येणारा. तोही नदीत जवळजवळ खात नाही, पण खाण्याची सवय त्याच्या अंगातून पुरती गेलेली नसते. आणि तो सॅमनपेक्षा कितीतरी भित्रा आहे. दिवसा झाडांखालच्या खोल पाण्यात चिकटून राहतो, अंधार पडला की हलतो. म्हणून तुमच्या ‘दिवसा की रात्री’ला उत्तर: सॅमनसाठी पहाट आणि संध्याकाळ, सी-ट्राउटसाठी रात्र, आणि भर दुपारी दोघांनाही सोडून झोप काढा.

दिवसाचं बोलू. सगळ्यात आधी पाण्याची पातळी. सेपा, म्हणजे स्कॉटलंडची पर्यावरण संस्था, नद्यांच्या पातळ्या इंटरनेटवर देते. निघायच्या आठवडाभर आधीपासून रोज बघा. वसंतात डोंगरातल्या बर्फाचं पाणी डीला धरून ठेवतं, जुलैत तो आधार संपलेला असतो. मग सगळं पावसावर. केर्नगॉर्ममध्ये चांगला पाऊस झाला आणि नदी फुटभर चढली, तर चढतं पाणी सोडून द्या. तेव्हा मासा चालत असतो, थांबत नाही. खरी वेळ पाणी उतरायला आणि निवळायला लागतं तेव्हाची. त्या दिवशी बाकी सगळी कामं बाजूला ठेवा. पाऊस नसेल आणि नदी बारीक झाली असेल, तर निराश होऊ नका. मग तुमचा सगळा भर रात्रीवर.

मासा कुठे थांबतो? साधारण तीन ते सहा फूट खोल, माणसाच्या चालीने वाहणाऱ्या पाण्यात. मोठ्या धोंड्याच्या मागे तो असेल असं सगळ्यांना वाटतं, पण पुष्कळदा तो धोंड्याच्या पुढे किंवा बाजूला असतो, जिथे पाणी त्याला उचलून धरतं. पूर ओसरताना वर आलेला मासा डोहाच्या शेवटी, उथळ व्हायच्या जरा आधी, दम खायला थांबतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की तोच मासा डोहाच्या तोंडाशी, खळाळ संपतो तिथल्या फेसाळ पाण्यात सापडतो, कारण तिथे प्राणवायू जास्त. जुने नकाशे आणि डोहांची जुनी वर्णनं कोणी दिली तर जपून वापरा. डिसेंबर २०१५ मधल्या फ्रँक वादळाच्या पुराने बॅलेटर गाव बुडवलं आणि डीचे कित्येक डोह गोट्यांनी भरून टाकले, कित्येक नवे खणले. नावं तीच राहिली, तळ बदलला.

काठी: तुमच्याकडे तळ्यावरची १० फुटी, ७ नंबरची (हा नंबर दोरीच्या वजनाचा) एकहाती काठी असेल तर जुलैच्या बारीक पाण्याला आणि रात्रीला ती उत्तम. पाणी मोठं असेल तर १३ फुटी, ८-९ नंबरची दोनहाती काठी मागून घ्या. विकत घेऊ नका, एका मोसमाने तुम्हालाच कळेल कोणती हवी ते. दोनहाती काठीची स्पे फेक, म्हणजे दोरी पाठीमागे न उडवता पाण्यावरूनच वळवून टाकणं, एक-दोन दिवसांत शिकून येत नाही, पण एक नियम आधीच पाठ करा: दोरीची कमान नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहिली पाहिजे. डी पूर्वेकडे वाहते आणि इथला वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे प्रवाहाबरोबर खाली जाणारा. अशा वाऱ्यात डबल स्पे, म्हणजे स्पेचाच एक प्रकार. हे चुकलं तर गळ कानात बसतो, आणि अशा जागी दवाखाना जवळ नसतो. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी, दिवसरात्र.

दोरी तरंगणारी. फार तर तिच्या टोकाला हळू बुडणारा पॉलीलीडर, म्हणजे दोरी आणि नायलॉन यांच्यामधला जोडतुकडा. पुढे १० ते १२ फूट नायलॉन, सॅमनला १० पौंडी. फ्लाय लहान ठेवा: बारीक पाण्यात १० ते १४ नंबर (नंबर जितका मोठा, तितकी फ्लाय लहान). स्टोट्स टेल, सिल्व्हर स्टोट, कॅस्केड, आणि डीची म्हणून जुनी ब्ल्यू चार्म. एवढ्या चार पुरे. पाणी गढूळ किंवा मोठं असेल तर अ‍ॅलीज श्रिम्प, ६ किंवा ८ नंबर. गळाची उलटी काटी घरीच पक्कडीने दाबून सपाट करा. पेटीत शंभर फ्लाय घेऊन जाणारा माणूस दर दहा मिनिटांनी फ्लाय बदलत बसतो आणि पाण्याकडे बघायचं विसरतो.

फेक पलीकडे आणि खाली, साधारण ४५ अंशात. दोरी पाण्यावर पडली की मधल्या जोरदार धारेत तिचं पोट फुगून पुढे पळतं आणि फ्लायला फरफटत नेतं. ते पोट काठीच्या टोकाने अलगद उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचं, की फ्लाय सावकाश, आडवी, माशाच्या नजरेसमोरून जाते. ही रीत याच नदीवर घडली. बँकरीजवळच्या केर्नटन पट्ट्यावर आर्थर वुड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत रेशमी दोरीला चरबी चोळून ती तरंगती ठेवायची, आणि अगदी विरळ पिसांची बारीक फ्लाय पाण्याच्या कातडीखालून न्यायची, अशी पद्धत बसवली. त्याआधी सॅमनसाठी जड फ्लाय खोल बुडवण्यावरच सगळ्यांचा भर असे. आज आपण जे करतो ते त्यांचंच. एक फेक, फ्लाय तुमच्या सरळ खाली येईपर्यंत थांबायचं, दोन पावलं खाली, पुन्हा फेक. पहिल्या फेकी काठावरून, आखूड दोरीने, जवळच्या पाण्यात. घोट्याच्या वर पाण्यात जायची गरज पडली तरच जा.

सॅमनने धरलं की काय करायचं? काही नाही. हेच सगळ्यात अवघड. तळ्यावर तुम्ही झटका द्यायला शिकलात. इथे झटका दिलात तर फ्लाय तोंडातून निघून येते. दोरी जड होते, रीळ दोन-चार वेळा करकरते, मासा वळतो. तो वळू द्या, गळ जबड्याच्या कोपऱ्यात जातो. वजन पक्कं जाणवलं की काठी शांतपणे उचला. नुसता टोचा बसून सुटला तर त्याच जागी लगेच फेकू नका. दोन पावलं मागे या, पाच मिनिटं थांबा, एक माप लहान फ्लाय बांधा, मग पुन्हा त्याच्यावरून न्या.

आता रात्र. यासाठीच तुम्हाला तो एकांताचा पट्टा मिळाला आहे असं मी समजतो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य साडेनऊच्या पुढे मावळतो आणि पुढे तासभर उजेड रेंगाळतो. तुम्ही निवडलेल्या डोहाच्या शेवटी, काठापासून दूर, साडेनऊलाच जाऊन बसा. दिवसा एक काम करून ठेवा: ज्या जागी उभं राहणार तिथून पलीकडच्या काठाच्या हातभर अलीकडे फ्लाय पडेल एवढी दोरी मोजा आणि त्या जागी दोरीवर धाग्याचे चार वेढे बांधा. रात्री बोटांना ती गाठ लागली की फेक बरोबर पडतेय हे डोळ्यांशिवाय कळतं. फ्लाय आधीच बांधलेली असू द्या, ८ किंवा १० नंबरची सिल्व्हर स्टोट नाहीतर टील ब्ल्यू अँड सिल्व्हर. नायलॉन ८ ते १० पौंडी, जरा आखूड, नऊ फूट.

मग फक्त बसायचं. मासे उडायला लागतील. डोहाच्या मध्यावर एखादा चांगला चार पौंडी मासा सपकन आपटेल आणि मेहुणे उठून उभे राहतील. त्यांना खाली बसवा. सी-ट्राउट त्या वेळी खोल पाण्यातून सरकत डोहाच्या शेवटच्या उथळाकडे येत असतो आणि अजून त्याला तुम्ही दिसता. एकदा बिचकला की सगळा थवा वर सरकतो आणि ती रात्र गेली. माझी खूण अशी: पलीकडच्या काठावर फॉक्सग्लोव्हची जांभळी फुलं असतात. त्यांचा रंग डोळ्यांना कळेनासा झाला, नुसता आकार उरला, की अजून दहा मिनिटं. मग वाकून, गुडघ्यावर चालत, आपल्या जागी. पाण्यात उतरलात तरी पावलं घासायची नाहीत. गोट्यावर गोटा वाजलेला पाण्याखाली फार दूरवर जातो.

फेक पलीकडे, दोरी पोचली की डाव्या हाताच्या बोटांत ती आठाच्या आकारात सावकाश गुंडाळत घ्यायची. नदी ओढतेय त्याहून किंचित जास्त, बस. पाण्यावरून डॉबेन्टनची वटवाघळं फिरत असतात. एखादं दोरीला धडकतं आणि बोटांना बारीक टकटक जाणवते. त्याला मासा समजून काठी उचलू नका. खरा सी-ट्राउट दोन प्रकारे सांगतो. एक, बोटांतली दोरी एकदम हिसकली जाते, आणि काही कळायच्या आत अंधारात, अपेक्षेपेक्षा पुष्कळ डावीकडे, काहीतरी हवेत उडून धाडकन पडतं. दुसरा प्रकार फार बारीक असतो: गुंडाळता गुंडाळता दोरी क्षणभर हलकी होते, ओढ नाहीशी होते. मासा फ्लाय धरून तुमच्याकडे आलेला असतो. इथे मात्र सॅमनच्या उलट, लगेच दोरी ताणायची. पण जबडा मऊ असतो, हाताने मऊच.

साडेबारा-एकच्या सुमाराला बहुतेकदा सगळं थंडावतं. मासे उडायचे थांबतात, हवा गार होते. पाण्यावरून धुकं उठायला लागलं तर माझा अनुभव असा की वरच्या पाण्यातलं काम संपलं. चहा घ्या. नंतर हळू बुडणारी दोरी, जरा मोठी फ्लाय, आणि डोहाच्या खोल भागात अगदी सावकाश. या वेळी लागणारे मासे कमी असतात पण मोठे असतात. अडीच-तीनला पूर्वेला उजाडायला लागतं. गुरुवारी आणि शुक्रवारी तुम्हाला हे करता येईल. शनिवारचं वर सांगितलंच. टॉर्च लागलाच तर पाण्याकडे पाठ करून, लाल उजेडाचा, आणि मिनिटभरच. दोघांनी एकाच डोहावर उभं राहू नका, पण एकमेकांची हाक ऐकू येईल एवढ्याच अंतरावर राहा.

मासा सोडणं हे पकडण्याइतकंच शिकायचं काम आहे, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. रबरी, बिनगाठीची जाळी घ्या. मासा दमवत बसू नका. काठी आडवी धरून जोर लावा आणि लवकर आणा. जाळीत आला की जाळी पाण्यातच ठेवा. हात ओले करा. गळ चिमट्याने काढा, मासा पाण्याबाहेर न काढता. फोटो हवा असेल तर मेहुण्यांनी आधी कॅमेरा तयार ठेवायचा, मासा पाण्याच्या जेमतेम वर, एका श्वासापुरता. त्या क्षणी जवळून बघा: समुद्रातून नुकत्याच आलेल्या माशाच्या शेपटीजवळ तपकिरी, वाटाण्याहून लहान सागरी उवा चिकटलेल्या असतात, कधी त्यांच्यामागे दोन बारीक लांब धागे लोंबत असतात. गोड्या पाण्यात ते धागे आधी गळतात, मग काही दिवसांत उवाही. इतक्या वर, समुद्रापासून एवढ्या दूर त्या दिसल्या तर मासा केवढ्या वेगाने चढून आला आहे ते समजा. सॅमनची शेपटीची मूठ पकडीत नीट बसते. सी-ट्राउटची निसटते, त्याला जोर लावून दाबू नका. तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हात ठेवून धरा. कल्ले एका लयीत उघडमीट व्हायला लागले तरी घाई नाही. तो स्वतःहून हातातून निघेल तेव्हाच सोडायचं. पाण्याचं तापमान मोजायला साधा थर्मामीटर ठेवा. २० अंशांला पोचलं की सॅमनसाठी काठी टाकूच नका. एवढ्या गरम पाण्यात झुंजलेला मासा पोहत जाताना दिसतो आणि नंतर मरतो. वरच्या ओढ्यांच्या काठी सावली उरलेली नाही, म्हणून रिव्हर डी ट्रस्ट तिथे देशी झाडं लावतंय. ती वाढेपर्यंत ही काळजी आपणच घ्यायची.

पाण्यात पाय ठेवताना अजून एक जीव सांभाळा. डीच्या तळाशी गोट्यांमध्ये अर्धे रुतलेले काळे, हातभर नव्हे पण तळहाताएवढे शिंपले दिसतील. हे गोड्या पाण्यातले मोत्याचे शिंपले, शंभर वर्षांहून जास्त जगणारे. त्यांची पिल्लं आयुष्याचे पहिले काही महिने सॅमन-ट्राउटच्या कल्ल्यांना चिकटून काढतात, म्हणजे मासा गेला तर हेही गेले. त्यांना हात लावणं, उचलणं कायद्याने गुन्हा आहे. दिसले तर ती जागा सोडून दुसरीकडून उतरा.

स्वतःच्या जिवाचं: धोंडे शेवाळलेले असतात, वेडिंग स्टाफ (पाण्यात आधाराला धरायची काठी) आणि आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट दोघांनाही हवं. वेडर्सला पट्टा घट्ट. मोबाइलला तिथे रेंज असेलच असं धरू नका. घरी सांगून या की कधी परतणार. गवतातून चालल्यावर रोज अंगावर गोचीड तपासा, लाइम रोग इथे खरा आहे. चिलटांसाठी तोंडावरची जाळी घ्या. डीट (कीटक पळवणारं रसायन) असलेलं मलम लावलंत तर त्याच हातांनी फ्लायच्या दोरीला शिवू नका, तिचं प्लास्टिक विरघळतं. आणि मेहुणे नॉर्वेहून काठी-वेडर्स आणणार असतील तर ते निर्जंतुक करून, खडखडीत वाळवूनच इथल्या पाण्यात. तिथल्या नद्यांतले सॅमन संपवणारा जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा परजीवी ब्रिटनमध्ये अजून आलेला नाही.

कॅनोवाले आले तर रागावू नका; स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने फिरण्याचा हक्क त्यांना २००३ च्या कायद्याने आहे. दोरी गुंडाळून हात दाखवा, ते काठाने निघून जातील, वीस मिनिटांत मासे पुन्हा जागेवर येतील.

शेपटीवर मोठे काळे लांबट ठिपके असलेला मासा लागला तर तो पॅसिफिकमधला पिंक सॅमन असू शकतो. अलीकडे विषम वर्षांत, २०१७ पासून विशेषतः, तो स्कॉटलंडच्या नद्यांत दिसतो. फोटो काढून मत्स्य मंडळाला, म्हणजे डी डिस्ट्रिक्ट सॅमन फिशरी बोर्डाला, कळवा. बाकीच्या प्रत्येक माशाची नोंदही पट्ट्याच्या मालकाकडे द्या: तारीख, डोह, अंदाजे लांबी, सोडला की नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मला पाण्याची पातळी आणि मागच्या चार दिवसांचा पाऊस कळवा. मेहुण्यांना दोनहाती काठी येते का तेही लिहा, म्हणजे वरचा डोह त्यांना द्यायचा की खालचा ते सांगता येईल.